काटा की पडदा, हे नंतर. आधी नळी बघा

प्रवेशाच्या दिवसांत फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात आईवडील फीच्या खालोखाल एक प्रश्न हमखास विचारतात : "विमानं ग्लास कॉकपिटची आहेत ना?" मुलाने किंवा मुलीने यूट्यूब बघून तो प्रश्न पढवलेला असतो. उत्तर "हो" आलं की चेहरे खुलतात. "काही पडद्याची आहेत, काही काट्यांच्या मीटरची" असं आलं की घरचे एकमेकांकडे बघतात. आपल्याला जुना माल गळ्यात मारतायत की काय, अशी शंका त्या बघण्यात असते.

हा लेख त्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मी दोन्ही प्रकारच्या विमानांवर शिकवलं आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. काटा की पडदा, हा प्रश्न दुय्यम आहे. समोर दिसणारा आकडा येतो कुठून, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दोन्हीकडे उडता येतं. ज्याला ठाऊक नाही, त्याला सगळ्यांत महागडा पडदाही एखाद्या दिवशी दगा देईल.

काट्यांचं पॅनल म्हणजे मुख्यतः सहा तबकड्या. वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खालच्या ओळीत टर्न कोऑर्डिनेटर, दिशा आणि चढण्या-उतरण्याचा दर. पायलट मंडळी याला 'सिक्स पॅक' म्हणतात, चेष्टेत 'स्टीम गेज'. पडद्यावर हेच सहा जण एका चौकटीत राहायला आलेले असतात : मध्ये क्षितिज, डावीकडे वेगाची पट्टी, उजवीकडे उंचीची, तिच्याशेजारी चढ-उताराचा दर आणि खाली दिशेचं चक्र. म्हणजे घर बदललं, पण कोण कुणाच्या कोणत्या बाजूला बसतं ते फारसं बदललेलं नाही. हे लक्षात आलं की निम्मी भीती जाते.

या सहांतले तिघे हवेच्या दाबावर जगतात. पंखाखाली पिटो ट्यूब असते, तिच्या तोंडात समोरून येणारी हवा घुसते. विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, ते स्टॅटिक पोर्ट. तिथे आजूबाजूच्या हवेचा दाब मिळतो. वेगाला दोन्ही लागतात, उंचीला आणि चढ-उताराला फक्त स्टॅटिक. काट्यांच्या विमानात हा दाब नळीतून थेट मीटरमध्ये जातो आणि पत्र्याच्या डब्या फुगवतो किंवा आकसवतो. पडद्याच्या विमानात तो एअर डेटा कॉम्प्युटरमध्ये जातो आणि तिथून आकडा होऊन बाहेर पडतो. नळी मात्र तीच, आणि भोकही तेच.

आपल्याकडे या नळीचा मोठा शत्रू म्हणजे कुंभारमाशी. दोन दिवस विमान उघड्यावर उभं राहिलं आणि पिटोवर कव्हर नसलं, तर ती तिथे चिखलाचं घर बांधायला घेते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. कॅप्टनच्या बाजूची पिटो ट्यूब बुजलेली होती. विमान बरेच दिवस पिटो कव्हर न लावता उभं होतं, आणि किड्यांनी केलेलं घर हेच सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं. बुजलेल्या नळीची खोड अशी, की विमान चढत जाईल तसा वेगाचा आकडा फुगत जातो. प्रत्यक्षात वेग वाढत नसतो. बाहेरचा दाब उतरतो आणि नळीत कोंडलेला दाब तसाच राहतो. पायलट आकडा खरा मानून नाक वर उचलतो आणि विमान आणखी मंदावतं. त्या ७५७ मध्ये पडदेही होते, संगणकही होते.

तेव्हा प्री-फ्लाइटमध्ये पिटोजवळ आलात की नुसतं हात लावून पुढे जाऊ नका. वाकून तोंडात बघा, पाणी निघून जाण्याचं छोटं भोक बघा, मग स्टॅटिक पोर्टवर मेणाचा किंवा पॉलिशचा थर नाही ना ते बघा. तोंडाने फुंकू मात्र नका. आतली डबी नाजूक असते.

पडद्याबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज इथेच होतो. जी१००० सारख्या सिस्टीममध्ये बिघाड झाला की त्या जागी लाल फुली येते. मुलांना वाटतं, फुली नाही म्हणजे आकडा खरा. पण फुली येते ती सेन्सर किंवा संगणक आजारी पडल्यावर. नळीच बुजली असेल तर संगणकाला त्यात काहीच वावगं दिसत नाही. मिळालेला चुकीचा दाब तो सुबक अक्षरांत तुमच्यासमोर मांडतो. स्टॅटिक बुजलं तर उंची गोठते, चढ-उताराचा दर शून्यावर बसतो, आणि उतरताना वेग असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. यातली शेवटची गोष्ट लँडिंगला घातक ठरते. त्यासाठी पर्यायी स्टॅटिकचा खटका कुठे आहे, तो डोळे मिटून सापडायला हवा. जुन्या पुस्तकांत एक उपाय असायचा : काहीच नाही जमलं तर चढ-उताराच्या मीटरची काच फोडा, म्हणजे केबिनमधली हवा नळीत शिरेल. तो सल्ला पडद्यावर आजमावू नका. काच फुटेल, हवा कुठेही जाणार नाही.

उरलेले तिघे भोवऱ्यावर जगतात. जाळी गुंडाळून भोवरा फेकला की तो जोरात फिरतोय तोवर ताठ उभा राहतो, आपण जमीन तिरकी केली तरी. हेच तत्त्व वापरून स्पेरी या अमेरिकी संशोधकाने कृत्रिम क्षितिज आणि दिशेचं मीटर बनवलं. जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ ला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल या वैमानिकाने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर न बघता, केवळ मीटर आणि रेडिओच्या खुणा पाहत उड्डाण केलं आणि विमान उतरवूनही दाखवलं. आपण आज ज्याला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग म्हणतो, त्याची वाट तिथून रुळली.

लहान विमानांत क्षितिजाचा आणि दिशेचा भोवरा बहुतेक वेळा इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप फिरवतो, टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. एक गेलं तर दुसरं राहावं म्हणून. पंप गेला की क्षितिज एकदम आडवं पडत नाही. भोवरा मरताना कसा डुलतो, मोठमोठे गोल घेतो आणि मग कलंडतो, ते आठवा. क्षितिजही तसंच हळूहळू, अगदी विश्वास बसेल अशा बेताने कलतं. ढगात असाल तर हात आपोआप त्याच्यामागे जातो. म्हणून काट्यांच्या विमानात सक्शनच्या छोट्या मीटरकडे अधूनमधून बघण्याची सवय लावा. कोपऱ्यातल्या त्या मीटरकडे कोणी बघत नाही. पण आजाराची पहिली खूण तोच दाखवतो.

आणि आता मुंबईची गोष्ट. १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं बोइंग ७४७ 'एम्परर अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं. उड्डाणानंतर ते ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. कॅप्टनसमोरचं क्षितिज मात्र उजवीकडे कललेलंच राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, बाहेर ताडून बघायला काही नाही. आपण अजून उजवीकडे कललो आहोत असं समजून कॅप्टनने विमान डावीकडे वळवलं, आणि वळवतच राहिला. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती. वांद्र्यासमोरच्या समुद्रात विमान कोसळलं. विमानातल्या २१३ जणांपैकी एकही वाचला नाही.

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगतो ती घाबरवायला नाही. त्या कॉकपिटमध्ये क्षितिजं तीन होती : कॅप्टनचं, सहवैमानिकाचं आणि मधलं स्टँडबाय. खोटं बोलत होतं ते एकच. पण वेळ मोजकी होती, आणि कलणाऱ्या क्षितिजावर अविश्वास दाखवणं हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. आजच्या प्रवासी विमानांत दोन बाजूंच्या पडद्यांत तफावत आली तर संगणक इशारा देतो. तुमच्या एक इंजिनच्या प्रशिक्षण विमानात मात्र बहुधा एकच सेन्सर आणि एक स्टँडबाय असतो. तिथे तुलना करणारा संगणक म्हणजे तुम्ही. त्यामुळे पडद्याच्या विमानात दर काही मिनिटांनी नजर खालच्या छोट्या स्टँडबाय क्षितिजावर गेलीच पाहिजे. ते सुटलं असेल तर तुमच्या स्कॅनमध्ये, म्हणजे मीटरांवरून नजर फिरवण्याच्या सवयीत, भोक आहे असं समजा.

पडद्याने नेमकं काय सुधारलं, तेही प्रामाणिकपणे मान्य करू. जुन्या अल्टिमीटरला, म्हणजे उंचीच्या मीटरला, तीन काटे असत : शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. दहा हजारांचा काटा इतका बारीक, की घाईत नजरेतून निसटावा. १९५८ साली ब्रिटनमध्ये या चुकीने दोन विमानं गेली : एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकजवळ व्हायकाउंट, आणि २४ डिसेंबरला हर्नजवळ ब्रिटानिया. दोन्हीकडे वैमानिक दहा हजार फुटांनी चुकले होते. पडद्यावरच्या पट्टीत ही चूक जवळजवळ अशक्य आहे. भोवऱ्याच्या जागी सॉलिड-स्टेट सेन्सर आल्याने झिजणारे बेअरिंग गेले, आणि नकाशा, इंजिन, इंधन सगळं नजरेच्या टप्प्यात आलं. हे फायदे मोठे आहेत, आणि काट्यांच्या आठवणीने गहिवरणाऱ्या जुन्या मंडळींच्या नादी लागून ते नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही एक आकडेवारी लक्षात ठेवा. अमेरिकेच्या एनटीएसबी या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली छोट्या एक इंजिनच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्याच्या विमानांचे एकूण अपघात प्रमाणाने कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. ती विमानं लांबच्या प्रवासाला आणि ढगाळ हवेत अधिक वापरली जात होती, हा फरक त्यात होताच. पण मंडळाने बोट ठेवलं ते शिकवण्यावर : प्रत्येक सिस्टीमचं वेगळं प्रशिक्षण हवं, बिघाडाचा सराव सिम्युलेटरवर व्हायला हवा.

आता वाचण्याची गोष्ट. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आपण "पावणेनऊ झाले" म्हणतो. काटा कुठे आहे ते दिसतं, आकडा वाचावा लागत नाही. मोबाइलवर ८:४४ दिसतं आणि पावणेनऊ डोक्यात करावं लागतं. एअरस्पीडचा काटा असाच 'पावणे'च्या भाषेत बोलतो. हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर आहे, पांढऱ्यात शिरतोय, खाली ढळतोय. न वाचता कळतं. पडद्यावरची पट्टी आकडा देते, तो वाचावा लागतो. त्याची भरपाई म्हणून तिच्या कडेला एक जांभळट-गुलाबी रेघ येते. आत्ताच्या गतीने पुढच्या ६ सेकंदांत वेग किती होईल, ते ती सांगते. काट्याचं ढळणं म्हणजे पडद्यावर ही रेघ. आकड्याआधी रेघ बघायला शिका. (पुढे ए३२० वर गेलात तर तिथला बाण १० सेकंदांपुढचं दाखवतो, हे आत्ताच डोक्यात टाकून ठेवा.)

आकडा स्पष्ट दिसतो म्हणून मुलं त्याच्यामागे धावतात. ३,००० फुटांवर उडायचं असताना २,९८० दिसलं की ओढ, ३,०२० दिसलं की ढकल. काट्यावर हे २० फूट जाणवलेही नसते. विमान वरखाली होत राहतं आणि डोकं पडद्यात अडकतं. दिवसाच्या उघड्या हवेत तुमची नजर मुख्यतः बाहेर हवी; सर्किटमध्ये तुमच्याआधी लँडिंगला आलेलं विमान कुठल्याही पडद्याआधी डोळ्यांना दिसायला हवं. मी विद्यार्थ्याचा पडदा मंद करून टाकतो आणि म्हणतो, "क्षितिजावर नाक ठेव आणि इंजिनचा आवाज ऐक." पहिली पाच मिनिटं गोंधळ होतो, मग उंची आपोआप बसते.

काट्यांवरून पडद्यावर जाणाऱ्यांना मुख्य त्रास होतो तो बटणांचा. उडणं येत असतं, पण फ्रीक्वेन्सी बदलायला डोकं खाली जातं आणि वर येईपर्यंत विमान वीस अंश कललेलं असतं. यावर उपाय हवेत शोधू नका. हवेतला तास महाग आहे. हँगरमध्ये विमान बाहेरच्या वीजपुरवठ्यावर लावून तासभर बटणं दाबा, किंवा घरच्या सिम्युलेटरवर. तेही नसेल तर पॅनलचं पोस्टर भिंतीला लावा आणि खुर्चीत बसून बोट फिरवा. घरचे हसतील, हसू द्या. मुख्य पडदा गेला तर दुसऱ्या पडद्यावर सगळं आणणारं लाल बटण, स्टँडबाय बॅटरीचा खटका आणि पर्यायी स्टॅटिक, या तीन जागांवर हात न बघता पोचला की हवेत जा. अल्टरनेटर गेल्यावर बॅटरी किती वेळ पुरते आणि आधी काय बंद करायचं, हे तुमच्या विमानाच्या हँडबुकात वाचून चिठ्ठीवर लिहून ठेवा. बिघाडाच्या सरावासाठी सर्किट ब्रेकर ओढू नका, कोणी ओढत असेल तर नम्रपणे विचारा. पडद्याचा ब्राइटनेस उतरवून तेच काम होतं.

पडद्यावरून काट्यांवर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या अनुभवात अधिक अवघड. पहिली ठेच दिशेच्या मीटरला लागते. पडद्याच्या विमानात दिशा पंखातल्या मॅग्नेटोमीटरकडून सतत सुधारून मिळते. काट्यांच्या विमानात भोवरा आपल्या मर्जीने सरकतो. नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यामुळेच महाराष्ट्राच्या अक्षांशावर तो ताशी सुमारे ५ अंश चुकतो, घर्षणाचं वेगळं. ५ अंशांची चूक म्हणजे ६० मैलांवर ५ मैल. म्हणून दर १५ मिनिटांनी विमान सरळ, समपातळीत आणि एका वेगाने ठेवून होकायंत्राशी मीटर जुळवायचं. वळताना किंवा वेग बदलताना जुळवलंत तर होकायंत्रच तुम्हाला फसवेल. माझा एक विद्यार्थी पडद्यावर शंभरेक तास करून आला होता. काट्यांच्या विमानातून क्रॉस-कंट्रीला निघाला आणि पाऊण तासात तळ्याऐवजी एका नदीवर पोचला. "सर, मीटर बरोबर दाखवत होतं," तो म्हणाला. खरंच होतं ते. मीटर आपल्या जागी ठाम होतं, तळ्याच्या जागी नदी आली होती.

दुसरी ठेच वळणाची. पडद्यावर दिशेच्या चक्रावरची रेघ १८ अंशांच्या खुणेला टेकली की स्टँडर्ड रेटचं वळण झालं, सेकंदाला ३ अंश. काट्यांवर टर्न कोऑर्डिनेटरचं छोटं विमान खुणेवर ठेवायचं. तो नसेल किंवा बिघडला असेल तर हिशोब सोपा आहे : नॉटमधल्या वेगाला १० ने भागा आणि ७ मिळवा. १०० नॉटला १७ अंश कल. टर्न कोऑर्डिनेटरमधल्या बॉलचंही तसंच, पडद्यावर त्रिकोणाखालची पट्टी ज्या बाजूला सरकते, त्या बाजूचं रडर.

दोन्ही विमानांसाठी एक काम मात्र मी सक्तीचं मानतो. आपल्या विमानाचे पाचसहा आकडे स्वतः उडून टिपा : चढताना नाक क्षितिजापासून किती वर आणि पॉवर किती, क्रूझला किती, उतरताना किती, फ्लॅप टाकून अप्रोचला किती. कार्ड करून शर्टाच्या खिशात ठेवा. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए३३० च्या पिटोत बर्फ साचला, वेगाचे आकडे मिनिटभराहून कमी काळ बिघडले, ऑटोपायलट सुटला. पडदे सगळे चालू होते. पुढे विमान स्टॉल झालं आणि २२८ माणसं गेली. वेग कळेनासा झाला की नाक ठरलेल्या जागी आणि पॉवर ठरलेल्या खुणेवर ठेवायची, एवढंच आधी करायचं असतं. आणि ते आकडे त्या क्षणी शोधायचे नसतात.

शाळा निवडताना म्हणून पडदा आहे का, हे विचाराच. पण त्याआधी विचारा की सोलोपर्यंत, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणापर्यंत, एकाच प्रकारच्या विमानावर ठेवणार का. सोलोच्या आधी आज काटे, उद्या पडदा असं झालं तर स्कॅन कधीच बसत नाही. बिघाडाचा सराव किती वेळा करून घेतात, सिम्युलेटर तुमच्याच पॅनलचा आहे का, आणि विमानं रात्री कव्हर लावून उभी असतात का, हेही बघा. शेवटच्याचं उत्तर ऑफिसात मिळणार नाही; संध्याकाळी एप्रनकडे एक चक्कर मारा. कमर्शियल लायसन्सच्या २०० तासांत दोन्ही प्रकार अनुभवता आले तर उत्तम. आधी काटे शिकलात तर स्कॅन पक्का होतो, आधी पडदा शिकलात तर पुढच्या नोकरीची भाषा लवकर येते. एअरलाइन तुम्हाला त्यांचं विमान नव्याने शिकवणारच आहे.

आणि उद्या सकाळी उडणार असाल तर दाबाचं एक बघा. टॉवरने दिलेला क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा दाब, काट्यांच्या विमानात एकाच ठिकाणी लावायचा असतो. पडद्याच्या विमानात तो पडद्यावर लावायचा आणि स्टँडबाय अल्टिमीटरवर वेगळा लावायचा. जुना ऑटोपायलट असेल तर त्यावर तिसऱ्यांदा. थंडीत १०१५ असलेला दाब पावसाळ्यात १००५ वर सहज येतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. स्टँडबायवर तो जुनाच दाब राहिला असेल, तर ज्या दिवशी पडदा काळा होईल त्या दिवशी तुम्ही समजता त्यापेक्षा तीनेकशे फूट खाली असाल. इंजिन सुरू केल्यावर दोन्ही अल्टिमीटरकडे बोट दाखवून आकडे मोठ्याने म्हणा, शेजारी कोणी बसलेलं नसलं तरी.